हयात नातेवाईक

प्रिय बटण,

तुझ्या पत्राखाली तू हेच नाव लिहिलं होतंस, म्हणून मीही तेच वापरतो. हा तिसरा कागद आहे. आधीचे दोन मायन्यातच वाया गेले. आमच्या छापखान्याचे फोरमन म्हणतात, या पोराला स्वल्पविराम द्यायचा तरी घाम फुटतो. ते काही खोटं बोलत नाहीत. मी तिथे प्रुफं तपासतो. आठवी पास आणि वर नववीचे तीन महिने, एवढंच माझं शिक्षण, पण छापलेल्या पानात चूक असली की ती जेवताना खडा लागावा तशी मला लागते. लग्नाची पत्रिका तपासायला आली की फोरमन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतात, "नीट बघ रे, नवऱ्यात काही चूक आहे का." सगळे हसतात. मीही हसतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो.

हे पत्र तुला दुभाषी बाई वाचून दाखवतील. बाई, तुम्हाला एक विनंती. एकही वाक्य गाळू नका आणि कुठलंही मऊ करू नका. मी प्रत्येक वाक्य तीनदा वाचून मगच ठेवलं आहे.

तू विचारलंस, तुम्ही मला दिलंत की मी हरवले? येण्याचं तिकीट काढण्याआधी एवढं एकच उत्तर हवं, असं लिहिलंस. पुढच्या थंडीत तिकडच्या आईला घेऊन येईन, पण आधी हे कळू दे. बरोबर आहे तुझं. मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. माझ्यासमोर टेबलावर एक पाकीट आहे आणि खरं उत्तर त्यात आहे, पण त्याबद्दल मी शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस, आणि ते बाकीचंच तुझ्या उपयोगाचं आहे. आणखी एक. तेव्हाच्या बटणबद्दल मी 'ती' असं लिहिणार आहे. रागावू नकोस. का ते कळेल.

बाबा शिंपी होते. खाली दुकान आणि वर आम्ही. बटण अडीच वर्षांची होती. दिसेल ते बटण तोंडात घालायची, म्हणून ते नाव. एकदा तिने एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं मोठं तपकिरी बटण गिळलं. आई रडायला लागली, तर बाबा म्हणाले, "रडतेस काय, लोकांचा माल आहे, परत तर यायलाच हवा." दोन दिवसांनी परत आला. बाबांनी तो तीनदा साबणाने धुतला, कोटाला लावला आणि कोट इस्त्री करून दिला. गिऱ्हाइकाने वर कामाचं कौतुकही केलं. आमच्या घरात त्यानंतर कितीतरी दिवस कुणी नुसतं 'कोट' म्हटलं तरी हसू यायचं.

भूकंप दुपारी झाला. मी चौदा वर्षांचा होतो. शाळेच्या नळावर पाणी प्यायला गेलो होतो म्हणून वाचलो. वर्गातले वाचले नाहीत. मी घराकडे पळालो, तर आमच्या गल्लीला वरचा मजलाच उरला नव्हता. बाबांचं कापड बेतायचं टेबल जाड लाकडाचं होतं. लोकांनी विटा उपसल्या तेव्हा त्या टेबलाखाली बटण सापडली, धुळीने पांढरीफटक, गालात काहीतरी धरून. टेबलावर बाबा होते. आई गावाच्या दुसऱ्या टोकाला कपडे पोचवायला गेली होती. तिचा पत्ता लागला नाही. ती बाजू तर साफ बसली होती.

आम्हाला मालगोदामाच्या आवारात ठेवलं. सगळे प्लास्टिकच्या तंबूत. एकच पक्की इमारत उभी होती. तिच्यातल्या लांब दालनाला दोन दारं होती, एक आवाराकडे आणि दुसरं मागे स्वयंपाकाच्या शेडकडे. तिथे गादी, दूध आणि डॉक्टर होते, पण आत घ्यायचे ते फक्त ज्यांचं कोणी उरलं नाही अशा मुलांना. नोंदणीवर एक म्हातारे कारकून बसायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांचा चष्मा भूकंपात फुटला होता आणि चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचा अंगठा दिसत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी रांगेत विचारलं, कोणाचं अक्षर चांगलं आहे. माझं होतं. तेव्हापासून ते विचारायचे आणि मी लिहायचो, आधी कच्च्या वहीत पेन्सिलीने, मग फॉर्मवर शाईने. नाव, टोपणनाव, अंदाजे वय, अंगावरच्या खुणा, कुठे सापडलं. शेवटचा रकाना होता 'हयात नातेवाईक'. एकशे बारा मुलांचे फॉर्म माझ्या हातचे आहेत.

चौथ्या दिवशी बटणला ताप भरला. छातीत घरघर. खाली जमीन ओली आणि वर प्लास्टिक. शेजारच्या तंबूत एका ट्रकवाल्याची बायको होती. तिने आपली जुळी पोरं आधीच आत पाठवली होती. ती मला म्हणाली, "अरे, कागदावर मेलं म्हणून कोणी मरतं का? तुझ्याच हातात पेन आहे. ताप उतरला की आणू परत." तिने तिची आणलीसुद्धा, सातव्या दिवशी, दारावर शिव्या देत, दोन काखांत दोन. अर्ध्या आवाराने असंच केलं होतं. काकांनाही ठाऊक होतं. मी बटणचा फॉर्म पुढे ओढला आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबलो. काका दुसरीकडे बघत म्हणाले, "मला काही दिसत नाही बाबा, तू काय लिहितोस ते." ते खरं होतं आणि खोटंही होतं. मी लिहिलं, 'नाहीत'. स्वच्छ अक्षरात. त्या एका शब्दात मी आईला मारलं, जिच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, आणि मलाही मारलं, जो तिथेच बसून लिहीत होता. बटणचा नंबर सत्तेचाळीस.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर दारावरच्या बाईने विचारलं, "तू कोण तिचा?" भाऊ म्हटलं. तिने फॉर्म काढून माझ्यासमोर धरला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. आता माझंच अक्षर मी खोटं कसं म्हणणार? तेव्हापासून मी आवाराकडच्या खिडकीखाली विटा रचायचो आणि वर चढून बघायचो. लहान मुलींची एक ओळ होती, आठ खाटांची. दारापासून तिसऱ्या खाटेवर बटण. उवा झाल्या म्हणून सगळ्यांचे गोटे केले होते आणि सगळ्यांना देणगीतून आलेले एकाच रंगाचे झगे. आत काम करणारी मावशी म्हणायची, "सोललेल्या बटाट्यासारखी दिसतात मेली, कोण कुठली काही कळत नाही." पण मला बटण कळायची. ती खिडकीकडे बघून गाल फुगवायची.

मग परदेशातल्या एका संस्थेची माणसं आली. ती वाईट नव्हती, हे तुझ्या तिकडच्या आईला मुद्दाम सांग. त्यांच्यातली टोपीवाली बाई रोज एखादं रडकं पोर कडेवर घेऊन फिरायची आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी असायचं. तिच्याकडे वाट बघणाऱ्या कुटुंबांची एक जाड फाइल होती. बागा, कुत्री, झोपाळे, रिकामे पलंग. नियम असा होता की मूल देशाबाहेर पाठवण्याआधी सहा महिने नातेवाइकांचा शोध घ्यायचा. आठवड्याभरात त्याचे तीन महिने झाले. मग तीस दिवस. मग आणीबाणीची परिस्थिती म्हणून तेही नकोत, असा कागद वरून आला. मी तो काकांना वाचून दाखवला. काका म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला. ट्रकवाल्याची बायको म्हणाली, "पोरं थोडी आणि घेणारे फार, म्हणून घाई." तेव्हा मला वाटलं, बाईची जीभ फारच तिखट आहे.

नवव्या दिवशी दालनात गोवर निघाला. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली. माझ्याकडून एक सूचना लिहून घेतली, 'गोवर. हे दार बंद आहे', आणि ती आवाराकडच्या दाराला लावली. त्याच सकाळी मावशी ओल्या हातांनी माझ्याकडे आली. औषधाच्या पाण्याने आंघोळी घालून मुलींच्या मनगटावरच्या कापडी पट्ट्यांचे आकडे धुऊन गेले होते, म्हणून तिने त्या कापून टाकल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं. मी यादी घेऊन खाटांच्या क्रमाने आठ नव्या पट्ट्या लिहिल्या, दोऱ्यात ओवल्या आणि सांगितलं, "मावशी, दारापासून सुरुवात कर, एकेक काढून बांधत जा, चूक व्हायची नाही." ती म्हणाली, "बरं झालं बाई, तू आहेस." दुपारी फोटोवाला आला आणि प्रत्येक मुलीला पाटीवरच्या नंबरासह बसवून त्याने फोटो काढले. ते धुऊन आल्यावर संस्थेच्याच माणसांनी फॉर्मला जोडले. तुझ्याकडे जो गोट्याचा फोटो आहे, तो त्या दुपारचा.

आता एका माणसाबद्दल लिहितो. तो पावाच्या भट्टीवर कामाला होता. बायको आणि दोन मुलगे ढिगाऱ्याखाली होते, म्हणून धाकट्या मुलीला तीन दिवसांसाठी आत ठेवून तो उकरायला गेला होता; ढिगारे उपसणाऱ्यांच्या पोरांपुरती तेवढी सूट होती. तिचा नंबर बावन्न. तो अकराव्या दिवशी परत आला. तिघंही सापडली होती, पण जिवंत नाही. त्याने फाटकावर नंबराची चिठ्ठी दाखवली. गोवरामुळे कोणालाच आत सोडत नव्हते, म्हणून मावशी बावन्न नंबरच्या मुलीला कांबळ्यात गुंडाळून फाटकाशी घेऊन आली. त्याने कांबळं बाजूला केलं, बघितलं आणि म्हणाला, "ही माझी नाही." दारावरच्या बाईने पट्टी दाखवली. फॉर्म दाखवला. तो म्हणाला, "कागदाचं मला माहीत नाही. पोर गोड आहे, माझ्या कोटाचं बटण सोडत नव्हती. पण माझी नाही. मला आत जाऊ द्या, मी दाखवतो माझी कोणती." आत कोणी जाऊ दिलं नाही. रांगेतले लोक म्हणाले, दुःखाने याचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, पोसायला नको म्हणून नाटकं करतो. एक जण म्हणाला, "याला अजून चार दाखवा, पसंत पडेल ती घेईल." लोक हसले. मी टेबलापाशी होतो. मीही जरासा हसलो असेन. नक्की आठवत नाही, म्हणून 'नसेन' असं लिहीत नाही.

तेराव्या दिवशी बस आली. पहिल्या तुकडीचे नंबर काचेला चिकटवले होते आणि त्यात सत्तेचाळीस होता. मी धावत सुटलो. टोपीवाल्या बाईला सांगितलं की मी भाऊ आहे, फॉर्म मीच भरला आहे, खोटा भरला आहे. तिच्याबरोबरच्या माणसाने तिला समजावलं आणि तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो माणूस मला म्हणाला, "बाळा, कालपासून असे नऊ भाऊ येऊन गेले." बसमध्ये सगळी कांबळ्यात गुंडाळलेली, तोंडाला फडकी आणि गोटे. कोण कुठली काही दिसेना. मी सगळ्या खिडक्यांना हात हलवला. मधल्या एका खिडकीतून एका मुलीने उलट हात हलवला. मी ठरवून टाकलं की तीच.

पंधराव्या दिवशी आई आली. तिला दुसऱ्या गावच्या इस्पितळात नेलं होतं, पाय मोडला होता आणि चार दिवस शुद्ध नव्हती. काखेत कुबडी घेऊन ती तंबू तंबू शोधत आली. मला बघून तिने पहिला शब्द उच्चारला तो बटणचं नाव. ती ऑफिसात गेली, तर त्यांनी फॉर्म दाखवला; फोटो मुलीबरोबर गेला होता. "कागदावर तर मुलगाही नाही, बाई. हा कोण?" आईने काकांना तळतळाट दिले. असा कसा हात चालला, तुमच्या घरात लेकरं नाहीत का? माझ्याकडे एकदाही न बघता काका तिला म्हणाले, "चुकलं माझं." आम्ही तीन आठवडे त्याच आवारात राहिलो. मी पुन्हा त्या खिडकीकडे गेलो नाही. कशाला जायचं? आत आमचं कोणी नव्हतं. त्या फॉर्मवर कोणी काय लिहिलं ते आईला मी आजवर सांगितलेलं नाही.

सहा वर्षांनी संस्थेने एक फोटो पाठवला. सायकल, लाल टोपी, पुढचा दात पडलेला. आई दोन दिवस बघत बसली आणि मग हळूच म्हणाली, "कान कोणाचे आलेत रे हिला? आपल्याकडे असे कान कोणाचे नाहीत." मी म्हणालो, थंडीच्या देशात वाढत्या मुलांचा चेहरा बदलतो. मी हे कुठेही वाचलं नव्हतं. आई म्हणाली, "असेल," आणि फोटो भिंतीवर लावला. गेल्या वर्षी तुझं पत्र आलं. तुझ्या तिकडच्या आईने विचारलं होतं की आमची संमती कोणी आणि कधी घेतली. त्यांना सांग, पंधरा वर्षांत हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी पत्र नऊ वेळा वाचून दाखवलं. दहाव्या वेळी आई म्हणाली, "पुरे, पाठ झालं. तिचं माप मागव." मी मागवलं आणि तू खांद्यापासून मनगटापर्यंत सगळं नीट लिहून पाठवलंस. बाबा गेल्यापासून आईच मशीन चालवते. तिने तुझ्यासाठी कोट शिवला आहे, राखाडी, तपकिरी बटणांचा. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला दाखवते आणि सांगते, "बटणं मुद्दाम मोठी घेतली. गिळायला नकोत."

आता पाकीट. बाहेर पाठवलेल्या मुलांची नाती तपासणाऱ्या चौकशी कार्यालयाने आईच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नेली होती, तशी तुझीही नेली असेल. पाकिटात त्याचा निकाल आहे. मी तो सतरा दिवसांपूर्वी उघडला. तुझं आणि आईचं काहीही जुळत नाही. तू बटण नाहीस. मी आधी कार्यालयात जाऊन भांडलो, मग पुन्हा तपासायला लावलं, आणि मग घरी येऊन कच्ची वही काढली. ती मी जपून ठेवली होती. मुलींच्या त्या ओळीत आठ खाटा. मी पट्ट्या लिहिल्या आवाराकडच्या दारापासून. मावशीला म्हणालो, दारापासून सुरुवात कर. पण ते दार त्या दिवशी बंद होतं. बंद असल्याची सूचना मीच सकाळी लिहिली होती. मावशी मागच्या, स्वयंपाकाकडच्या दाराने आत गेली आणि तिच्या दारापासून तिने सुरुवात केली. पहिली पट्टी आठव्या खाटेला, दुसरी सातव्या. बटणची तिसरी पट्टी सहाव्या खाटेवर गेली आणि सहाव्या खाटेची पट्टी बटणच्या हाताला. आठही जणींचे कागद उलटे झाले. माझ्या आकड्यांत एकही चूक नव्हती. बसमध्ये सत्तेचाळीस नंबर लावून तू गेलीस. बावन्न नंबरची जी मुलगी फाटकाशी आणली होती, जिने त्या माणसाच्या कोटाचं बटण सोडलं नाही, ती आमची होती. मी तेव्हा टेबलापाशी होतो. वीस पावलांवर. त्याचे शब्द मी ऐकले होते, पण आकडा माझ्या हातचा होता, म्हणून मी आकड्यावर विश्वास ठेवला. आई आली तेव्हाही बटण आतच होती. दुसरी तुकडी आम्ही तिथे असतानाच गेली. तिच्या नोंदवहीत बावन्नपुढे 'पाठवणी: होय' असं आहे आणि 'ठिकाण' कोरं आहे. तुझा सायकलवरचा फोटो आला त्यानंतर वर्षभरात ती संस्था बंद पडली. बाकीचे कागद तळघरात होते आणि तळघरात पाणी शिरलं, असं मला सांगण्यात आलं. सांगणाऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही.

गोवर ओसरल्यावर त्या भट्टीवाल्याला एकदा आत सोडलं. त्याने सगळ्या ओळी पाहिल्या. तू तेव्हा गेली होतीस. त्यानंतर आवार मोडेपर्यंत तो रोज फाटकावर यायचा आणि म्हणायचा, माझी मुलगी हरवली नाही, बदलली. पुढे बाजारात त्याला बदलीवाला म्हणूनच हाक मारायचे आणि पोरं मागून विचारायची, "काय बदलीवाले, मिळाली का?" गेल्या आठवड्यात मी त्याच्या भट्टीवर गेलो. तिथल्या माणसाने सांगितलं की तो तीन वर्षांपूर्वी वारला आणि त्याच्या मागे कोणी नाही. 'कोणी नाही' हे दोन शब्द मी आता सहजासहजी लिहीत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि चार घरांत विचारलं. खरंच कोणी नाही. तुझ्या आईचं आणि भावांचं मात्र मला माहीत आहे, ते वर लिहिलंच आहे. आता परत वाचशील तर तुला समजेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. तुला कोणी दिलं नाही. तू हरवलीही नव्हतीस. तुझा बाप तीन दिवसांसाठी ठेवून गेला होता, थोड्या उशिराने पण परत आला, आणि त्या सबंध आवारात एकट्यानेच बरोबर वाचलं. कार्यालयाचं पत्र नियमाप्रमाणे सहा आठवड्यांनी तुझ्याकडे येईल, त्यात फक्त 'नाते सिद्ध होत नाही' एवढंच असेल. त्याच्या आधी हे पोचावं आणि तू आमच्यासाठी तिकीट काढू नयेस, म्हणून लिहिलं. सोबत कच्च्या वहीतलं बावन्न नंबरचं मूळ पान आहे, नक्कल नव्हे. त्यावर तुझं खरं नाव आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण माझ्या हातून ते एकदा दुसरीला गेलं. त्याच पानावर शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं आहे, 'वडील हयात. तीन दिवसांनी नेणार.' ते मी बरोबर लिहिलं होतं. फॉर्मवरही तसंच लिहिलं होतं. कोट तुझ्याच मापाचा आहे, तो कोणाला होणार नाही, पण तो पाठवावा की नाही हे मला ठरवता येत नाही. आई आत मशीनवर बसली आहे, अस्तराचा शेवटचा टाका राहिला आहे म्हणते. हे पत्र पेटीत टाकून येतो आणि मग तिला सांगतो. दोन्ही सांगतो, फॉर्मचंही आणि तुझंही. तोवर तिला टाका घालू दे.

तुझाच म्हणायचा हक्क नसलेला,
तुझ्या मनगटावरचा आकडा लिहिणारा